रोपे मोजली, पण जंगल कळले का?

पर्यावरणाच्या धड्यात एक परिच्छेद हमखास असतो. लोकसंख्या वाढली, लोकांनी सरपणासाठी झाडे तोडली, गुरे चारली, त्यामुळे डोंगर उघडे पडले, माती वाहून गेली आणि पूर आले. सोबत एक चित्र असते. त्यात एक बोडका डोंगर आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई. मुले हे पाठ करतात, ‘जंगलतोडीची कारणे लिहा’ या प्रश्नाखाली मुद्दे उतरवतात आणि गुण मिळवतात.

हाच परिच्छेद जरा जड भाषेत आम्हा संशोधकांच्या लेखांतही सापडतो. तेथे त्याचे नाव असते ‘मानवी दबावाचा जंगलाच्या नैसर्गिक पुनर्निर्मितीवर होणारा परिणाम’. नैसर्गिक पुनर्निर्मिती म्हणजे कोणी रोपे न लावता, पडलेल्या बियांतून किंवा उरलेल्या खोडा-मुळांतून जंगलाने आपणहून पुन्हा उभे राहणे. हिमालयातल्या पाइनच्या आणि ओकच्या जंगलांवर असे पुष्कळ लेख निघाले आहेत.

या अभ्यासांच्या पद्धतीवर आणि त्यांतून धड्यात उतरलेल्या समजुतीवर मला येथे टीका करायची आहे. माणसाचा जंगलावर परिणाम होत नाही असे माझे म्हणणे नाही. तो होतो, आणि पुष्कळदा वाईट होतो. माझी तक्रार आहे ती ‘दबाव’ या एका शब्दाबद्दल. हा शब्द आला की उत्तर मिळाल्यासारखे वाटते आणि आपण पुढे विचारायचे थांबतो. उत्तराखंडातल्या, म्हणजे कुमाऊँ-गढवालच्या जंगलांचे उदाहरण घेऊन हे पाहू.

अभ्यासाचा ठरलेला साचा

असा अभ्यास बहुधा पुढीलप्रमाणे केला जातो. गावाजवळचे एक जंगल निवडतात आणि गावापासून दूरचे एक. दोन्हींत ठरावीक मापाचे चौकोन आखतात. प्रत्येक चौकोनात एका जातीची रोपे किती, तरणी झाडे किती आणि पूर्ण वाढलेली झाडे किती, हे मोजतात. गावाजवळ रोपे कमी भरली की निष्कर्ष तयार असतो: मानवी दबावामुळे पुनर्निर्मिती खुंटली आहे.

हे मोजणे कष्टाचे असते. चढणीवर दिवसभर वाकून रोपे मोजणाऱ्यांविषयी मला आदरच आहे. पण या साच्यात तीन फटी आहेत.

पहिली फट तुलनेची. गावाजवळचे आणि दूरचे जंगल यांत फरक केवळ माणसांचा नसतो. डोंगरात माणसे कोठेही घर बांधत नाहीत. ऊन मिळेल, पाणी जवळ असेल आणि पायऱ्यांची शेती करता येईल अशी जागा ती शोधतात. त्यामुळे गावाजवळच्या आणि दूरच्या जंगलांची उंची वेगळी असू शकते, उताराची दिशा वेगळी असू शकते, मातीची खोलीही वेगळी असू शकते. हिमालयात दक्षिणेकडचा उतार तापलेला व कोरडा असतो, उत्तरेकडचा थंड व ओलसर. एवढ्या एका फरकानेही रोपांची संख्या बदलते. मग सापडलेला फरक माणसामुळे आहे की उन्हामुळे, हे कसे ठरवायचे?

दुसरी फट काळाची. रोपांची एकदाच केलेली मोजणी म्हणजे शाळेच्या पटावरची एका दिवसाची हजेरी. पहिलीच्या वर्गात आज ६० मुले आहेत, एवढ्यावरून दहावीपर्यंत किती पोचतील हे सांगता येत नाही. यंदा उगवलेल्या रोपांपैकी पहिला उन्हाळा किती जणांनी काढला, हे कळल्याशिवाय पुनर्निर्मिती चांगली की वाईट हे ठरत नाही.

तिसरी फट सर्वांत मोठी आहे. ती मोजपट्टीची. ती समजण्यासाठी आधी झाडाची ओळख हवी.

चिडाचा स्वभाव

चीड म्हणजे चिरपाइन. (मराठीतल्या रागाशी या नावाचा संबंध नाही.) शास्त्रीय नाव पायनस रॉक्सबर्गी. साधारण ५०० ते २००० मीटर उंचीच्या पट्ट्यात याची जंगले पसरलेली आहेत. लांब सुयांसारखी पाने तीन-तीनच्या जुडग्याने येतात. वाळून पडलेल्या पानांना तेथे पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात पिरूलचा जाड थर जमिनीवर साचतो. त्यावरून पाय घसरतो, आणि ठिणगी पडली तर तो भडकतो.

परागण झाल्यापासून चिडाचा शंकू पिकून उघडेपर्यंत सुमारे दोन वर्षे जातात. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत शंकू उघडतात. बियांना पातळ पंख असतो, त्यामुळे त्या वाऱ्यावर दूर जातात. पावसाळा आला की रुजतात. रुजण्यासाठी बीला उघडी माती लागते. पिरूलच्या जाड थरावर पडलेल्या बीचे मूळ मातीपर्यंत पोचण्यापूर्वीच सुकते. आणि रुजलेल्या रोपाला लागते भरपूर ऊन. मोठ्या झाडांच्या दाट सावलीत ते तग धरत नाही.

पहिली काही वर्षे रोप वर फारसे वाढत नाही. त्याची बरीचशी कमाई मुळात जाते. आगीत शेंडा जळाला तर कोवळे रोप बुंध्यापाशी पुन्हा फुटू शकते. मोठ्या झाडाची साल जाड असते, त्यामुळे जमिनीलगत सरकत जाणारी आग ते सहसा सोसते. रॉबर्ट ट्रूप या वनाधिकाऱ्याने भारतीय वृक्षांच्या जोपासनेवर १९२१ मध्ये तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्यासारख्या वनशास्त्रज्ञांना चिडाच्या या सवयी तेव्हापासून ठाऊक आहेत.

थोडक्यात, चीड हे उघड्यावर वाढणारे झाड आहे. दरड कोसळलेली जागा, जळालेला उतार, ओसाड पडलेले शेत अशा जागा ते पहिल्यांदा धरते. जिथे इतर झाडांची पंचाईत होते तिथे चिडाला संधी मिळते.

फरची मोजपट्टी पाइनला

आता मोजपट्टीकडे वळू. ‘निरोगी’ जंगलात रोपे सर्वांत जास्त, तरणी झाडे त्याहून कमी आणि मोठी झाडे सर्वांत कमी असावीत, असे मानतात. आलेख काढला तर तो घसरगुंडीसारखा उतरत जातो. असा आलेख आला नाही की ‘पुनर्निर्मिती असमाधानकारक’ असा शेरा मिळतो.

या आलेखाचे मूळ द लिओकूर या फ्रेंच वनाधिकाऱ्याच्या १८९८ मधल्या कामात आहे. त्याने अभ्यासलेली जंगले फर वृक्षांची होती. फरचे रोप सावलीत वर्षानुवर्षे थांबू शकते. वरचे एखादे झाड पडले की ते उंच होते. त्यामुळे अशा जंगलात आजोबा, वडील आणि नातू एकाच घरात राहतात. तेथे घसरगुंडीचा आलेख येणे स्वाभाविक आहे.

चिडाचे घर तसे नाही. एखाद्या उतारावर आग किंवा तोड होऊन जागा मोकळी झाली की पुढच्या काही वर्षांत तेथे रोपांची एक पिढीच्या पिढी उगवते. ती सगळी बरोबरीने वाढते. छत मिटले की खाली नवे रोप जगत नाही. म्हणजे अगदी धडधाकट चीडवनातही मोठी झाडे पुष्कळ आणि रोपे नाममात्र असे चित्र दिसू शकते. उलट, तोडीने आणि आगीने विसकटलेल्या जंगलात रोपांची गर्दी दिसेल. फरची मोजपट्टी लावली तर पहिल्या जंगलाला ‘आजारी’ आणि दुसऱ्याला ‘निरोगी’ म्हणावे लागेल.

हे आपल्याला पटत नाही. म्हणून मग मोजपट्टी तीच ठेवून पळवाट काढली जाते. राखलेल्या जंगलात रोपे कमी दिसली तर ‘नैसर्गिक कारण’, आणि गावाजवळ कमी दिसली तर ‘मानवी दबाव’. एकाच आकड्याला जागा पाहून दोन कारणे लावणे हे विज्ञान नव्हे. झाडाचा स्वभाव काय, हे आधी विचारले असते तर ही वेळ आली नसती.

‘दबाव’ सोडवून पाहू

आता ‘दबाव’ या गाठोड्यात काय काय बांधलेले आहे, ते एकेक बाहेर काढू. शेजारी दुसरे एक झाड ठेवू म्हणजे तुलना सोपी होईल. ते झाड म्हणजे बांज, हिमालयातला एक ओक. त्याचा पट्टा साधारण १२०० ते २३०० मीटर, म्हणजे काही उंचीवर चीड आणि बांज शेजारी असतात. बांजाची पाने गुरांना चारा म्हणून चालतात, पाचोळ्याचे चांगले खत होते, आणि लाकूड सरपणाला उत्तम. डोंगरातल्या शेतीचा तो आधार आहे.

फांद्या छाटणे: चिडाचा पाला गुरे खात नाहीत, त्यामुळे चाऱ्यासाठी त्याला कोणी हात लावत नाही. बांजाच्या फांद्या मात्र दरवर्षी छाटल्या जातात. छाटलेले झाड मरत नाही, पुन्हा पालवते. पण पुन्हापुन्हा छाटलेल्या झाडाला फळे कमी लागतात. झाड उभे आहे, हिरवे आहे, पण त्याची वंशवेल थांबली आहे, अशी स्थिती येते. वर फांद्या विरळ झाल्याने खाली ऊन पोचते, आणि त्या उन्हाचा फायदा शेजारच्या चिडाच्या बीला मिळतो.

चराई: गुरे चिडाचे रोप सहसा टाळतात, पण पायदळी तुडवतात. बांजाचे कोवळे रोप ती आवडीने खातात. पुन्हा नुकसान दोघांचे आहे, पण सारखे नाही.

पाचोळा गोळा करणे: गोठ्यात अंथरायला आणि खतासाठी बायका पाचोळा नेतात. बांजाच्या जंगलात पाचोळा गेला की ओलावा टिकत नाही. बांजाचे ओलसर बी वाळले की मरते, म्हणून हे नुकसानीचे. चिडाच्या जंगलात पिरूल उचलला तर माती उघडी होते आणि बी रुजायला मदत होते. शिवाय आगीचे जळणही कमी होते. कृती एकच, पण परिणाम उलट.

आग: नवे गवत यावे, पायवाटेवरचा निसरडा पिरूल जावा, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी आग लावण्याची जुनी रीत आहे. पूर्वी वनखातेही चीडवनात नियंत्रित आग लावत असे. हलकी आग चिडाचा मार्ग मोकळा करते. पण तीच आग दरवर्षी आली तर चिडाचे रोपही कधी मोठे होत नाही; दर वर्षी जळायचे आणि दर वर्षी फुटायचे, एवढेच त्याच्या वाट्याला येते. बांजाच्या रोपाला एक आगही महागात पडते. म्हणजे नुसते ‘आग’ म्हणूनही भागत नाही. किती वर्षांनी आणि किती तीव्र, हेही सांगावे लागते.

डिंक काढणे आणि तोड: चिडाच्या खोडाला खाच पाडून राळेचा स्राव गोळा करतात. त्यापासून टर्पेंटाइन होते. खाच खोल असेल तर झाड तिथे वाऱ्याने मोडते, आणि स्राव लागलेली जखम आगीत पेटते. रेल्वेच्या स्लीपरांसाठीही चिडाची मोठी तोड झाली. हे दोन्ही ‘मानवी दबाव’च आहेत, पण यांतला माणूस मोळीवाली बाई नव्हे. येथे दबाव कारखान्याचा आणि रेल्वेचा होता. धड्यातल्या चित्रात तो कधी दिसत नाही.

या साऱ्याचा एकत्र परिणाम काय? बांज हटतो आणि चीड सरकतो. आणि एकदा चीड आला की परतीचा रस्ता अवघड होतो. यामागचे एक कारण जे. एस. सिंह, वाय. एस. रावत आणि ओ. पी. चतुर्वेदी या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. चिडाच्या पाचोळ्यात नायट्रोजन कमी आणि कार्बन पुष्कळ असतो. तो कुजवणारे सूक्ष्मजीव लागणारा नायट्रोजन मातीतून उचलतात आणि अडवून ठेवतात. मातीत झाडांना मिळणारा नायट्रोजन घटतो. चीड थोडक्यात भागवतो. बांजाला ते जमत नाही. म्हणून चीड स्वतःची जागा स्वतःच राखतो.

मला हे संशोधन फार मोलाचे वाटते. त्यात ‘दबाव’ या शब्दावर काम थांबलेले नाही. पाचोळ्यापासून मातीपर्यंत आणि मातीपासून मुळापर्यंत एकेक पायरी दाखवलेली आहे. दाखवलेली पायरी दुसऱ्याला तपासता येते आणि चुकीची असेल तर खोडताही येते. ‘मानवी दबाव’ हे विधान खोडायचे कसे?

दुसरा पाइन, वेगळी गोष्ट

पाइनची सारी झाडे चिडासारखीच असतात, असे मात्र समजू नका. हिमाचल प्रदेशातल्या किन्नौरमध्ये चिलगोझा पाइन आहे. सुक्या मेव्यात आपण ज्या लांबट बिया खातो त्या याच्या. कोरड्या, खडकाळ उतारांवर तो वाढतो. त्याची बी मोठी आणि जड असते. चिडाच्या बीसारखी वाऱ्यावर दूर जात नाही.

चिलगोझ्याला बाजारात मोठा भाव मिळतो. बिया जमिनीवर पडून जाऊ नयेत म्हणून शंकू उघडण्यापूर्वीच उतरवून घेतात. ते काढताना फांद्याही मोडतात. ज्या बिया उरतात त्यांवर पक्षी आणि उंदीर यांचा हक्क असतो. परिणामी जुनी झाडे उभी आणि नवी रोपे जवळजवळ नाहीत, असे चित्र तेथल्या बऱ्याच जंगलांत आहे. आंतरराष्ट्रीय यादीत ही जात ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या गटात नोंदलेली आहे.

येथे माणसाचा परिणाम स्पष्ट आहे. पण तो नेमका कोठे आहे? आगीत नाही, सावलीत नाही. तो बीमध्ये आहे. म्हणून उपायही तिथेच शोधला पाहिजे: काही झाडांचे शंकू न काढणे, काही उतार पाळीपाळीने सोडणे. जंगलाला कुंपण घातले आणि शंकू पूर्वीसारखेच उतरवले, तर उपयोग शून्य. आणि बिया गोळा करणेच बंद केले, तर ज्यांना ही झाडे टिकण्यात सर्वांत जास्त रस आहे त्या गावांचेच उत्पन्न तुटेल.

दोष कोणाच्या माथी?

रोपांच्या हिशेबाचा एवढा काथ्याकूट कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण या हिशेबावरून माणसांना दोषी ठरवले जाते.

१९७६ मध्ये एरिक एकहोम यांचे ‘लूझिंग ग्राउंड’ हे पुस्तक आले. डोंगरातली वाढती लोकसंख्या, सरपण, जंगलतोड, धूप आणि खालच्या मैदानातले पूर अशी साखळी त्यात होती. पुस्तक कळकळीने लिहिलेले होते आणि जगभर वाचले गेले. आपल्या धड्यातल्या परिच्छेदात हीच साखळी आहे. पण पुढच्या दशकात तिच्या कड्या तपासल्या गेल्या तेव्हा त्या कच्च्या निघाल्या. मायकेल थॉम्पसन आणि मायकेल वॉरबर्टन यांनी १९८५ च्या लेखात दाखवून दिले की, हिमालयात माणशी सरपण किती लागते याच्या तज्ज्ञांच्या अंदाजांत ६७ पटींचा फरक होता. या फरकाच्या एका टोकाला जंगल लवकरच संपणार असे उत्तर येते आणि दुसऱ्या टोकाला काहीच बिघडलेले नाही असे. १९८९ मध्ये जॅक आइव्हज आणि ब्रूनो मेसर्ली यांनी ‘द हिमालयन डिलेमा’ या पुस्तकात ही सारी साखळीच उलगडून तपासली, आणि बांगलादेशातल्या पुरांचा दोष डोंगरातल्या शेतकऱ्यांवर टाकण्यास आधार नाही असे मांडले.

तोवर ‘लोक हेच कारण’ ही समजूत फार जुनी झाली होती. कुमाऊँमध्ये १९११ ते १९१७ या काळात इंग्रज सरकारने मोठ्या प्रमाणावर जंगले राखीव केली आणि गावांच्या चराई-पाल्याच्या हक्कांवर बंधने आली. १९२१ मध्ये लोकांनी ठिकठिकाणी जंगलांना आगी लावल्या. या आंदोलनाचा इतिहास रामचंद्र गुहा यांनी लिहिला आहे. त्यात एक बारकावा आहे: आगी प्रामुख्याने सरकारला पैसा देणाऱ्या चीडवनांत लागल्या, गावाला चारा देणाऱ्या रुंद पानांच्या जंगलांत नव्हे. म्हणजे लोकांना दोन जंगलांतला फरक ठाऊक होता.

सरकारने तक्रारींसाठी समिती नेमली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. आज उत्तराखंडात सुमारे १२,००० वनपंचायती आहेत. सोमनाथन, प्रभाकर आणि मेहता यांनी २००९ मध्ये या व्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारशेजारची, सारख्या परिस्थितीतली जंगले त्यांनी ताडून पाहिली. वर सांगितलेली तुलनेची फट बुजवण्याचा हा चांगला प्रयत्न होता. गावांनी सांभाळलेली जंगले सरकारी जंगलांपेक्षा वाईट नव्हती, कदाचित बरीच होती. आणि खर्च जवळजवळ दहापट कमी. गाव जवळ असणे म्हणजे केवळ ‘दबाव’ नव्हे, जवळ असणे म्हणजे राखणही.

मात्र याच्या उलट टोकाला जाऊन ‘लोक नेहमीच जंगल राखतात’ असेही म्हणू नये. छाटून छाटून खुंट झालेले बांज गावांजवळ पुष्कळ दिसतात. त्याचप्रमाणे ‘चीड हा इंग्रजांनी आणलेला खलनायक’ ही आज आवडीने सांगितली जाणारी गोष्टही अर्धवट आहे. इंग्रजांच्या वनखात्याने चिडाला झुकते माप दिले हे खरे. पण चीड हिमालयाचाच आहे, इंग्रजांच्या फार आधीपासूनचा. एक खलनायक काढून दुसरा बसवल्याने समज वाढत नाही.

दबाव कमी झाला तर?

धड्यातला परिच्छेद खरा असेल तर माणसे कमी झाली की जंगल सुधारायला हवे. हा प्रयोग उत्तराखंडात आपोआप घडतो आहे. २०११ च्या जनगणनेत अल्मोडा आणि पौडी गढवाल या जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दिसली. माणसे कामासाठी मैदानात गेली. वरच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेते पडीक राहिली.

त्या शेतांत झाडे येतात, पण पुष्कळ ठिकाणी ती चिडाची असतात. उघडी माती, भरपूर ऊन, वाऱ्यावर येणारी बी, यांमुळे चिडाला हवे ते सारे तेथे आहे. गुरे कमी, पिरूल उचलणारे हात कमी. मग तो साचत जातो आणि कोरड्या वर्षी पेटतो. २०१६ च्या उन्हाळ्यात उत्तराखंडात ४,००० हेक्टरांहून अधिक जंगलात आगी पसरल्या. जून २०२४ मध्ये बिनसर अभयारण्यातल्या आगीत वनखात्याच्या कर्मचाऱ्यांचा बळी गेला. या आगींना पावसाची ओढ, उष्णता, निष्काळजीपणा अशी अनेक कारणे आहेत. पण माणूस निघून गेला की बांजाचे वन आपोआप परत येईल, ही आशा मात्र खोटी ठरते. १९८१ मध्ये तेथे १००० मीटरच्या वर हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. तिने कुऱ्हाड थांबवली हे चांगलेच झाले. पण कोणते झाड पुढे येणार, हा प्रश्न नुसत्या बंदीने सुटत नाही.

वर्गात काय करता येईल?

आपल्या सह्याद्रीत पाइनची नैसर्गिक जंगले नाहीत. पण प्रश्न विचारण्याची पद्धत येथेही चालते, आणि त्यासाठी हिमालयात जायला नको. गावाजवळची देवराई, गायरान किंवा टेकडी पुरेल.

मुलांना दहा-दहा मीटरचे चार-पाच चौकोन सुतळीने आखू द्या. एकच जात निवडा. आंबा, जांभूळ, ऐन, काहीही. रोपे, तरणी झाडे आणि मोठी झाडे वेगवेगळी मोजा. पण तेथे थांबू नका. पावसाळ्यानंतर वीस-पंचवीस रोपांजवळ क्रमांक लिहिलेल्या काड्या रोवा आणि जूनमध्ये पुन्हा जा. किती जगली? जी मेली ती कशाने? खाल्ल्याच्या, जळल्याच्या, सुकल्याच्या खुणा वेगवेगळ्या असतात. मुलांना त्या ओळखता येतात, विशेषतः जी मुले गुरांमागे जातात त्यांना.

मग निष्कर्षाआधी चार प्रश्न फळ्यावर लिहा. या झाडाच्या रोपाला ऊन हवे की सावली? अडचण कोणत्या टप्प्यावर आहे: फळ धरताना, बी रुजताना, की रोप वाढताना? तेथे नेमकी कोणती कृती होते, कोण करते आणि किती वेळा? आणि ती कृती थांबली तर या जातीऐवजी दुसरी कोणती जात पुढे येईल? कोकणात आणि मावळात भाताच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात. त्या ऐनाला हे चार प्रश्न लावून पाहण्यासारखे आहेत. उत्तर काय येईल ते आधी ठरवू नका. राब करणाऱ्या एखाद्या आजोबांनाही वर्गात बोलवा. कोणते झाड किती वर्षांनी छाटायचे, याचा त्यांच्याकडे हिशेब असतो.

आणि पुढच्या वेळी ‘जंगलतोडीची कारणे लिहा’ हा प्रश्न काढताना त्याला थोडी मुरड घाला. ‘आपल्या टेकडीवर जांभळाची रोपे पहिल्या उन्हाळ्यानंतर का दिसत नाहीत? तुमच्या नोंदींच्या आधारे दोन शक्यता लिहा आणि त्यांपैकी कोणती खरी, हे कसे तपासाल ते सांगा.’ याला पाच मुद्द्यांचे तयार उत्तर नाही, म्हणून गुण देताना आपल्याला जरा त्रास होईल. पण मोळीवाल्या बाईची मुलगी त्याच वर्गात बसलेली असेल, तर आपली आई डोंगराची गुन्हेगार आहे एवढेच शिकून ती घरी जाणार नाही. आई कोणते झाड छाटते आणि कोणते राखते, हे ती तिला विचारील आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगेल.